ऊन शेवाळाला, युरिया चिखलाला

शेतकरी बंधू-भगिनींनो, रोवणी आटोपून पंधरा-वीस दिवस झाले की थोडी सवड काढा आणि एकाच बांधीवर एकाच दिवशी दोनदा जा. एकदा सकाळी सहा-सात वाजता आणि एकदा दुपारी दोनच्या सुमारास. दिवस मात्र उघाडीचा असावा. सकाळी बांधीतील पाणी शांत असते आणि तळच्या चिखलावर काळपट-हिरवा, बुळबुळीत थर बसलेला दिसतो. दुपारी त्याच थराचे तुकडे सुटून पाण्यावर तरंगत असतात. एखादा तुकडा हातात घेऊन दाबून बघा. त्यात बारीक बारीक बुडबुडे अडकलेले सापडतील. रात्र झाली की बुडबुडे निघून जातात आणि बरेच तुकडे पुन्हा खाली बसतात.

आपण हे लहानपणापासून बघत आलो आहोत. पण बघून काय म्हणतो? "बांधीत घाण झाली," म्हणतो. कोणी फावड्याने लोटून धुऱ्यावर काढतो, कोणी मोरचूद टाकतो. ते बुडबुडे प्राणवायूचे असतात. उन्हाच्या जोरावर त्या थरात एक कारखाना चालू असतो. तो आपल्या धानासाठी हवेतील नत्र पकडून ठेवतो आणि त्याचे वीजबिल सूर्यनारायण भरतो. त्या कारखान्याचे नाव नील-हरित शेवाळ. शास्त्रज्ञ आता त्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतात, कारण ते खरे तर शेवाळ नसून जिवाणू आहेत. आपण मात्र ओळखीचे शेवाळ हेच नाव ठेवू.

हा कारखाना कधी चालतो, कधी बंद पडतो आणि आपण स्वतःच्या हाताने तो कसा बंद पाडतो, हे आज सांगायचे आहे. ते मी पुस्तकातून शिकलो होतोच, पण नीट शिकलो ते एका चुकीतून. म्हणून आधी चूक सांगतो.

काकाजींची बांधी

नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. पदविकेचा अभ्यास ताजा होता आणि सांगायची हौस दांडगी होती. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावी एका वयस्क शेतकऱ्याला मी नील-हरित शेवाळाची पाकिटे दिली. त्यांना सगळे काकाजी म्हणत, मीही तेच म्हणत असे. "काकाजी, हे बांधीत सोडा आणि रोवणीनंतरचा युरियाचा पहिला हप्ता वाचवा," असे मी छातीठोकपणे सांगितले. काकाजींनी विश्वास ठेवला. शेवाळ सोडले आणि युरियाची पिशवी आणली नाही.

शेवाळ सोडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी झड लागली. आठ-दहा दिवस सूर्याचे तोंड दिसले नाही. पाऊस थांबल्यावर मी गेलो, तर शेजारच्या बांध्या हिरव्यागार आणि काकाजींची बांधी पिवळी पडलेली. काकाजी धुऱ्यावर उभे होते. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुमचं शेवाळ तं निजलं जी. त्याले ऊनच भेटलं नाही. मंग माह्या धानाले कोन खाऊ घालंल?"

धावपळ करून युरिया दिला, पण फुटव्यांचे दिवस निघून गेले होते. त्या बांधीत त्या वर्षी धान कमी झाले ते झालेच. ज्याचे पोट त्या बांधीवर आहे, त्याला माझा सल्ला महागात पडला. शेवाळ खोटे नव्हते, पण मी त्याला युरियाची पिशवी समजलो होतो. पिशवी फोडली की खत मिळते, मग ढग असो की ऊन. शेवाळ हा जीव आहे. त्याला काम करायला ऊन लागते, रात्री श्वास घ्यावा लागतो, आणि त्याने जमवलेले नत्र ते मेल्यावर, कुजल्यावरच धानाला मिळते. काकाजींनी एका वाक्यात जे सांगितले ते मला आधी समजायला हवे होते.

धान वर्षानुवर्षे तगते कशावर?

आपल्या झाडीपट्टीत कित्येक बांध्या अशा आहेत, की जिथे पिढ्यान्‌पिढ्या धानावर धान घेतले गेले. रासायनिक खत आले ते अलीकडे. आजोबा-पणजोबांच्या काळी शेणखत असेल तेवढे, नाही तर तेही नाही. मालगुजारी तलावाचे पाणी, सिहार नाही तर मोरांड जमीन, आणि दरवर्षी थोडेफार का होईना, धान पिकायचेच. गहू-ज्वारीची जमीन खताशिवाय लवकर थकते, मग धानाची बांधी इतकी वर्षे कशी तगली?

या प्रश्नाचे उत्तर एका भारतीय शास्त्रज्ञानेच दिले. पी. के. डे यांनी १९३९ साली बंगालच्या धानजमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवले, की पाणी साचलेल्या बांधीत हवेतील नत्र धरणारे मुख्य जीव म्हणजे हे नील-हरित शेवाळ. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. आर. एन. सिंह यांनी आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. जी. एस. वेंकटरामन यांनी हे काम शेतापर्यंत आणले. शेतावर खड्ड्यात शेवाळ वाढवायची सोपी रीत वेंकटरामन यांच्या काळात रूढ झाली.

साधारण हिशेब असा, की परिस्थिती चांगली असेल तर एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र शेवाळ धरू शकते. युरियाच्या ४५ किलोच्या पिशवीत २०.७ किलो नत्र असते. म्हणजे हेक्टरी एक ते दीड पिशवी. आपल्याकडे धानाला सर्वसाधारणपणे हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असते. त्याचा हा पाचवा-चौथा हिस्सा झाला. बाकीचे आपल्यालाच द्यावे लागते, हे आधी मनात पक्के करा. आणि हा हिस्साही "परिस्थिती चांगली असेल तर" मिळतो. त्या परिस्थितीत पहिला नंबर उन्हाचा.

ऊन बळ देते आणि घातही करते

हवेत शंभरात ७८ भाग नत्र आहे. पण नत्राच्या दोन अणूंची गाठ इतकी घट्ट असते, की धानाला ती सुटत नाही. खत कारखान्यात ती सोडवायला चारशे-पाचशे अंश उष्णता आणि हवेच्या दाबाच्या शे-दोनशे पट दाब लागतो. शेवाळ तेच काम बांधीच्या पाण्यात, साध्या तापमानात करते. त्यासाठी त्याच्याजवळ नायट्रोजिनेज नावाचे विकर असते. पण काम फुकट होत नाही. पेशीच्या आत ऊर्जेचा व्यवहार एटीपी नावाच्या चलनात चालतो. नत्राचा एक रेणू फोडायला त्या चलनाच्या निदान १६ नोटा मोजाव्या लागतात. या नोटा छापल्या जातात उन्हावर. ऊन पडले की शेवाळ आपल्या धानाच्या पानासारखेच साखर बनवते आणि ऊर्जाही तयार करते.

इथवर सरळ आहे. आता गाठ पुढे आहे. उन्हात साखर बनवताना प्राणवायू बाहेर पडतो. सकाळ-दुपारच्या फेरीत पाहिलेले बुडबुडे ते हेच. आणि नत्र धरणाऱ्या विकराला प्राणवायूचे वावडे आहे. प्राणवायू लागला की ते विकर निकामी होते. म्हणजे ज्या उन्हाने काम चालते, त्याच उन्हाने कामगार मरायची पाळी येते. चुलीशिवाय स्वयंपाक नाही आणि धूर स्वयंपाकिणीच्या डोळ्यांत, तशी गत.

शेवाळाने यावर उपाय काढला तो बघण्यासारखा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ॲनाबिना किंवा नॉस्टॉक या जातींचे शेवाळ मण्यांच्या माळेसारखे दिसते. माळेत दहा-पंधरा हिरवे मणी झाले की एक फिकट, जाड भिंतीचा मणी येतो. त्याला हेटेरोसिस्ट म्हणतात. हे जाड भिंतीचे मणी म्हणजेच नत्र धरण्याची जागा असावी, असे फे, स्टुअर्ट, वॉल्सबी आणि फॉग या शास्त्रज्ञांनी १९६८ साली मांडले आणि पुढे ते सिद्ध झाले. या पेशीत प्राणवायू बनवणारी यंत्रणा बंद असते. जाड भिंतीमुळे बाहेरचा प्राणवायूही फारसा शिरत नाही. शेजारच्या पेशी तिला साखर पोचवतात आणि ती शेजाऱ्यांना नत्र देते. गावात एकाने शेती करावी, दुसऱ्याने लोहारकाम करावे, आणि धान्य-औजारांची देवघेव व्हावी, तशी ही वाटणी.

श्वसनाचे दोन उपयोग

एवढे करूनही थोडा प्राणवायू आत झिरपतोच. तिथे श्वसन कामाला येते. श्वसन म्हणजे साखर आणि प्राणवायू जाळून ऊर्जा काढणे. आपण करतो, बैल करतो, धानही करते. ही जाड भिंतीची पेशी जोराने श्वसन करते. त्यामुळे आत झिरपलेला प्राणवायू जळून जातो आणि विकर वाचते. त्याच वेळी ऊर्जेच्या नोटाही मिळतात. म्हणजे श्वसन हे इथे पहारेकरीही आहे आणि कमावता पोरगाही.

रात्री ऊन नसते. तेव्हा काम एकदम थांबते असे नाही. दिवसा जमवलेली साखर शेवाळ पेशीत साठवून ठेवते आणि रात्री श्वसनाने तीच शिदोरी खात थोडेबहुत नत्र धरत राहते. पण दिवसाच्या मानाने हे काम बरेच कमी असते. शिदोरी संपत आली की तेही मंदावते. दिवसभर लख्ख ऊन पडले असेल तर रात्रीची शिदोरी भरपूर, दिवस ढगाळ गेला तर रात्रही उपाशी. दोन-तीन ढगाळ दिवस निभतात. आठ-दहा दिवसांची झड लागली की कोठार रिकामे होते. काकाजींच्या बांधीत नेमके हेच झाले होते.

काही जातींचे शेवाळ तर सगळा कारभार रात्रपाळीनेच करते. त्यांच्याजवळ जाड भिंतीची पेशी नसते. म्हणून ते दिवसा साखर बनवतात आणि प्राणवायूची निर्मिती थांबली की अंधारात नत्र धरतात. तैवानमधील धानाच्या बांधीतून वेगळे काढलेल्या अशाच एका जातीवर १९८६ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा तास उजेड, बारा तास अंधार अशी सवय लावल्यावर ते फक्त अंधारातच नत्र धरू लागले. गंमत म्हणजे, नंतर सतत उजेडात ठेवले तरी आपल्या "रात्रीची" वेळ झाली की ते कामाला लागायचे. इतक्या लहान जिवालाही घड्याळ असते, हे जगाला कळले त्यात धानाच्या बांधीचा वाटा आहे. आणि हेही बघा, की रात्रपाळी करणाऱ्यालाही शिदोरी दिवसाच्या उन्हातच बांधावी लागते.

ऊन फार झाले तरीही बिघडते. अति तिथे माती. भर उन्हात उथळ पाण्यातील कोवळे शेवाळ करपते, त्याची यंत्रणा दबते. म्हणून त्याने छत्रीचीही सोय केली आहे. काही जाती आपल्या वेष्टणात तपकिरी रंग साठवतात. तो उन्हाचा जाळणारा भाग अडवतो. पावसाळ्यात देवळाच्या कळसावर, शाळेच्या कुंपणभिंतीवर काळे ओघळ दिसतात ना? त्यांत बहुतेक वेळा हेच शेवाळ असते. उन्हाळाभर वाळून पापुद्रा होते आणि पहिल्या पावसाने पुन्हा जिवंत होते.

आपल्या दोन हंगामांचा हिशेब

आता हे सगळे आपल्या बांधीला लावून बघू. पावसाळी धानाची रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये होते. आभाळ बहुधा भरलेले. त्यातही रोवणीनंतरचे पहिले तीन-चार आठवडे शेवाळाचे खरे कमाईचे दिवस असतात, कारण तेव्हा धान विरळ असते आणि उजेड पाण्यापर्यंत पोचतो. महिना-दीड महिन्यात फुटवे दाटले की पाण्यावर सावली पडते आणि कारखाना मंदावतो. म्हणजे आधीच ढग, त्यात दाट रोवणी केली, की शेवाळाला दोन्हीकडून अंधार.

इटियाडोह किंवा बोडी-विहिरीच्या पाण्यावर जे उन्हाळी धान घेतात, त्यांची गोष्ट उलटी. ऊन भरपूर असते. पण जानेवारी-फेब्रुवारीत पाणी गार असल्याने शेवाळ हळू वाढते. मार्चमध्ये पाणी तापून ते जोर धरते, तोवर धान दाटू लागते. इथेही ओळींत मोकळी जागा ठेवलेली असेल तरच त्या उन्हाचा उपयोग होतो.

तेच ऊन युरिया उडवते

आता सर्वांत महत्त्वाचे. इथे आपले पैसे जातात, आणि ते कोणाला दिसत नाहीत.

शेवाळ उन्हात साखर बनवते तेव्हा पाण्यातील कर्बवायू शोषून घेते. त्यामुळे पाण्याचा सामू चढतो. सकाळी ७ च्या आसपास असलेला सामू दुपारी ९ च्या वर, कधी कधी १० पर्यंत जातो. रात्री शेवाळ आणि इतर जीव श्वसन करतात, कर्बवायू पाण्यात परत येतो आणि सामू पुन्हा उतरतो. रोज असे चढ-उतार चालू असतात.

आपण युरिया पाण्यावर फेकला की तो विरघळून त्याचे अमोनियात रूपांतर होते. पाण्याचा सामू ७ असेल तर त्यातील शंभरात एक भागही वायुरूपात नसतो, सगळा पाण्यात बांधलेला राहतो. सामू सव्वानऊच्या आसपास गेला की जवळजवळ निम्मा भाग वायुरूपात येतो आणि वारा लागला की उडून जायला मोकळा होतो. म्हणजे हिरव्यागार पाण्यात फेकलेल्या युरियाचा मोठा हिस्सा पुढच्या काही दुपारी आकाशात जातो. ज्या हवेतून शेवाळाने नत्र आणायचे, त्याच हवेला आपण पिशवीतील नत्र परत करतो. याला काय म्हणावे?

नुकसान तिथेच थांबत नाही. पाण्यात आयते नत्र मिळू लागले की शेवाळ हवेतील नत्र धरणे बंद करते. आयते ताट वाढलेले असताना चूल कोण पेटवील? म्हणजे युरिया पाण्यावर फेकला की युरियाही गेला आणि शेवाळाचे कामही थांबले.

पण हाच युरिया चिखलात खोल गेला तर? तिथे ऊन नाही, सामू चढत नाही, अमोनिया मातीला धरून राहतो आणि धानाच्या मुळांना मिळतो. वरचे पाणी नत्राविना राहते, म्हणून शेवाळ आपले काम चालू ठेवते. दोघांचे भांडण मिटते. या लेखाचे सार एवढेच आहे: ऊन शेवाळाला द्या, युरिया चिखलाला द्या.

काय करावे

१. युरिया-डीएपीच्या गोळ्या म्हणजे ब्रिकेट वापरता आल्या तर उत्तम. डॉ. नारायण सावंत यांनी सांगितलेल्या चारसूत्री भात लागवडीत हेच एक सूत्र आहे. नियंत्रित अंतराने, १५ आणि २५ सेंटिमीटर आलटून-पालटून रोवणी करायची आणि चार चुडांच्या प्रत्येक चौकोनात २.७ ग्रॅमची एक गोळी हाताने चिखलात खोल दाबायची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या म्हणजे सुमारे १७० किलो लागतात. मजुरी वाढते हे खरे, पण मधल्या २५ सेंटिमीटरच्या पट्ट्यातून ऊनही पाण्यापर्यंत पोचते. एका सूत्रात दोन्ही कामे होतात.

२. गोळ्या मिळाल्या नाहीत, तर साधा युरिया देण्याआधी बांधीतील पाणी उतरवा. चिखलावर युरिया द्या, निंदण करताना पायाने-हाताने मिसळा आणि दुसऱ्या दिवशी पाणी घ्या. वरच्या बांधीचे पाणी खालच्या बांधीत जात असेल तर शेजाऱ्याशी बोलून बांध फोडा-बांधायची वेळ ठरवा. पाणी उतरवणे शक्यच नसेल तर निदान दुपारी युरिया फेकू नका. संध्याकाळी द्या.

३. सुपर फॉस्फेट चिखलणीच्या वेळी चुकवू नका. स्फुरदाशिवाय शेवाळ वाढत नाही. ऊन असून काम होत नाही, याचे कारण बरेचदा हेच असते.

४. पाणी दोन इंचांच्या आसपास ठेवा. खोल आणि गढूळ पाण्यात तळापर्यंत उजेड जात नाही.

५. शेवाळ विकत किंवा खड्ड्यातून घेऊन सोडायचे असेल तर रोवणीनंतर आठ-दहा दिवसांनी, उघाडीचा दिवस बघून, हेक्टरी १० किलो सुके शेवाळ सारखे पसरा. पुढचे काही दिवस पाणी बांधीतून वाहून जाऊ देऊ नका. झड लागलेली असेल तर थांबा, पाकीट कोरड्या जागी ठेवले तर खराब होत नाही. बाहेरून सोडलेले शेवाळ प्रत्येक बांधीत टिकतेच असे नाही. पण आपल्या मातीत मुळातले शेवाळ असते. पहिले चार उपाय केले तर तेही वाढते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

६. शेवाळ ओळखा. गवतासारखे हिरवे, केसांसारखे लांब धागे आणि हाताला खरखरीत लागते ते साधे हिरवे शेवाळ. ते नत्र धरत नाही. काळपट, निळसर किंवा तपकिरी, बुळबुळीत आणि वाळल्यावर कागदासारखा पापुद्रा होणारे ते बहुधा आपले. आवत्या धानात कोवळ्या रोपांवर थर चढून ती दबत असतील तर एक-दोन दिवस पाणी उतरवा. मोरचूद टाकू नका, त्यात दोन्ही मरतात.

७. शेवाळावर भरवसा ठेवून युरिया कमी करायचा असेल, तर आधी एकाच बांधीत करा आणि शेजारची बांधी नेहमीसारखी ठेवा. धानाचा रंग दर आठवड्याला बघा. पानांच्या रंगाचा तक्ता मिळाला तर आणखी चांगले. रंग उतरला तर वाट बघू नका, युरिया द्या. विशेषतः झड लागली असेल तर.

खड्डा करायचा तर उन्हातच

शेवाळ घरी वाढवता येते. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि नऊ इंच खोल खड्डा करून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरा. आठ-दहा किलो चाळलेली माती आणि २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट टाका. चार-सहा इंच पाणी भरा, ढवळा आणि माती खाली बसली की वरून थोडे जुने शेवाळ भुरभुरा. जमीन आंबट असेल तर थोडा चुना टाका. पाणी आटेल तसे वाढवा. आठ-दहा दिवसांत जाड थर आला की पाणी आटू द्या आणि पापुद्रे सुटले की गोळा करा. मार्च ते मे हा त्याचा काळ. डासांच्या अळ्या आणि गोगलगायी शेवाळ खातात, त्यांवर लक्ष ठेवा.

इथेही माझी एक फजिती सांगतो. एका गावी खड्ड्याचे प्रात्यक्षिक घेताना प्लास्टिक उन्हाने तडकेल म्हणून मी तो आंब्याच्या गार सावलीत करवून घेतला. तीन आठवडे झाले, खड्ड्यात डास झाले, पण शेवाळ काही झाले नाही. गावातील पोरे हसू लागली. मग तोच खड्डा मोकळ्या अंगणात हलवला आणि दहा-बारा दिवसांत थर आला. सावली माणसाला बरी, शेवाळाला नाही.

ज्यांना एवढी उठाठेव नको, त्यांनी ॲझोला बघावा. या पाणफर्नच्या पानात नील-हरित शेवाळच भाडेकरू म्हणून राहते. उघड्या शेवाळापेक्षा ॲझोला थोडी सावली सहज सोसतो, उलट कडक उन्हाळ्यात त्याला सावलीच लागते. शिवाय तो पाण्यावर पसरला की खालच्या पाण्यात ऊन जात नाही, म्हणून सामू चढत नाही आणि युरियाही कमी उडतो. गुरांना चारा म्हणूनही तो उपयोगी आहे.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी कर्मचारी बंधू-भगिनींनो, यात आपले काम मोठे नाही, पण महत्त्वाचे आहे. गावात मोकळ्या उन्हाच्या जागी दोन-चार सामाईक खड्डे करता येतात. महिला बचत गटाला ते काम देता येईल. ब्रिकेट तयार करायचे यंत्र आसपास कुठे आहे याची चौकशी रोवणीआधी करा, रोवणी सुरू झाल्यावर नव्हे. आणि ग्रामसभेत एवढे तरी सांगा, की युरिया पाण्यावर फेकायचा नसतो. युरियासाठी रांगेत उभे राहायचे आणि घरी आणून हवेत उडवायचा, हे आपल्याला परवडणारे नाही.

काकाजींकडे मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. जायला पाय जड झाले होते. "काकाजी, या वर्षी एकाच बांधीत करू. युरिया बंद नाही करायचा, चिखलात दाबायचा. मी स्वतः येतो," म्हणालो. काकाजींनी विडी विझवली आणि म्हणाले, "या जी साहेब. पर आंदा आभाळ पाहून या."

आम्ही आभाळ पाहून गेलो. ओळीत रोवणी केली, गोळ्या दाबल्या, उघाडीच्या दिवशी शेवाळ सोडले. मध्ये झड लागलीच, आपल्याकडे लागतेच. पण त्या वेळी धानाचे पोट चिखलातल्या युरियावर होते. ते पिवळे पडले नाही. उघाड झाल्यावर दुपारी गेलो तर पाण्यावर काळपट-हिरवे तुकडे बुडबुडे घेऊन तरंगत होते. काकाजींनी एक तुकडा उचलला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "उठलं जी."

या हंगामात तुम्हीही आपल्या बांधीवर सकाळी आणि दुपारी एकेक फेरी मारा. तुकडे वर आलेले दिसले, तर त्या दिवशी युरियाची पाटी घरीच राहू द्या.

— विस्तार अधिकारी (कृषी), गोंदिया जिल्हा